एकाच स्लाइडवरचे फोटो

बाबा,

आत्याला आणायला बसस्टँडवर चालले आहे. जेवण झाकून ठेवलंय, आज तरी दोन घास खा.

काल तुम्ही चिडून म्हणालात, “महिनाभर लॅपटॉपसमोर बसून तुझ्या आईने एकच फोटो लावला? पुसून टाक ती फाइल!” पाया पडते, पुसू नका. सकाळी मी तो फोटो बाजूला सरकवला, तर खाली दुसरा निघाला, त्याखाली तिसरा. आईला नवीन स्लाइड कशी घ्यायची ते सापडलंच नव्हतं. जन्मभर ग्रंथालयातली पुस्तकं सुईदोऱ्याने शिवून बांधली, पानावर पान रचायची सवय. इथेही तिने तेच केलं.

चार वाजता ग्रंथालयात तिची शोकसभा आहे, तिथे हेच फोटो दाखवायचे आहेत. मी थेट तिकडेच येईन, त्यामुळे एकेक फोटो वेगळ्या स्लाइडवर न्यायचं काम तुम्हालाच करावं लागेल. सगळ्यात वरच्या फोटोवर क्लिक करा. कंट्रोल आणि एक्स एकदम दाबा. फोटो नाहीसा होईल, घाबरू नका. वर ‘नवीन स्लाइड’ आहे, ते दाबा. मग कंट्रोल आणि व्ही. तो परत येईल. पुन्हा पहिल्या स्लाइडवर जाऊन पुढचा घ्या. मी बसले होते करायला, पण फोटोतली ती नाहीशी झाली की पुढचं बटण दाबायला हातच उचलवत नाही.

तळाचा फोटो मात्र हलवू नका. तो तिने सगळ्यात आधी लावलाय. त्यात तुम्ही आहात, चष्मा कपाळावर चढवून तिला सुई ओवून देताना.