पूर्ण बाह्यांचा शर्ट

४ मार्च
चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

मापासाठी पाठवलेला जुना शर्ट मिळाला. पत्र मात्र दोनच ओळींचं, त्यात ना थट्टा, ना तुझ्या मेंढ्यांच्या तक्रारी. छातीचं माप या शर्टापेक्षा दोन इंचांनी कमी लिहिलंयस. मी शिवणकाम करणारी बाई, माझ्यापासून हे लपत नाही. जेवतोस का? अंगावरचे चट्टे वाढलेत का? जीव टांगणीला लागलाय.

माया आहे तशीच ठेव,
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.

चट्टे वाढलेत. काखेपाशी एक नवा आलाय, मोठा, गोल. सोरायसिस जुनाच सोबती, म्हणून तेच मलम चोपडतोय. महिनाभर कणकण आहे, सांधे धरलेत. लोकर कातरताना हात चालत नाही, म्हणून मुकादम ओरडतात. खरं सांगू? सकाळी उठावंसंच वाटत नाही. सगळं संपलं तर बरं, असं हल्ली रोज मनात येतं. नवा शर्ट शिवत बसू नकोस.

राग धरू नकोस,
तुझा भाऊ

१७ मार्च
चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तडक फोन केला. तू उचलेनास, म्हणून मुकादमांना केला. ते तुला एकटं सोडणार नाहीत, डॉक्टरांकडे नेतील. माझ्यावर चिडलास तरी चालेल.

मापासाठी शर्टाची काखेतली शिवण उसवली, तर आत मेलेली गोचीड निघाली. डबीत घालून पाठवतेय, डॉक्टरांना दाखव. आणि शर्ट काढून दाखव. लहानपणी पोरं चिडवायची म्हणून तुझ्या बाह्या लांब करून देणारी मीच. चट्टे झाकता झाकता आपण भलतंच झाकून बसलो रे.

मला तू हवा आहेस,
ताई

९ एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न.

मुकादमांनी मला मेंढीसारखं बखोटीला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी डबी पाहिली, शर्ट काढायला लावला, रक्त तपासलं. म्हणाल्या, गोल चट्टा गोचीड चावून झालेल्या संसर्गाचा, सोरायसिस वेगळा, आणि मनाचं खचणं हाही आजारच, आळस नव्हे. कशानं काय वाढलं ते नेमकं सांगता येत नाही, पण उपचार तिन्हींवर हवेत. ताप गेला. उदासी अजून येते. आली की मुकादमांना सांगतो, आणि मंगळवारी मनाच्या डॉक्टरांना.

मापं पाठवतोय. छाती अजून तेवढीच. बाही नऊ इंच, कोपराच्या वर. लिहिताना चुकलो नाहीये.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझा ठोंब्या