बाबांच्या गप्पांची कॅसेट

चि. धाकट्यास,

बाबांच्या जुन्या गाडीत तू स्वतः प्लायवूड कापून स्पीकर बसवलेस, पण त्यांचा कॅसेटप्लेअर काढला नाहीस. काल फोनवर म्हणालास, "आई, बाबांच्या गप्पांची कॅसेट शोधून ठेव. रविवारी गाडीत पहिला आवाज त्यांचाच लागणार."

मी "बरं" म्हटलं. त्या कॅसेटवर मी प्रार्थना भरून घेतल्या रे, नवी कशाला आणायची म्हणून. तेव्हा ते हयात होते, दिवसभर घरात बोलतच असायचे. त्यांचा आवाज जपून ठेवावा असं सुचलंच नाही.

आज दोन्ही बाजू ऐकल्या. प्रार्थना संपल्यावर शेवटी त्यांचा एक खोकला उरलाय.

हे पत्र टपालात टाकायचा धीर होत नाही. रविवारी मी मागच्या सीटवर बसेन. प्रार्थना लागल्या म्हणून कॅसेट मध्येच बंद करू नकोस.

तुझी,
आई