वळणावरचा ओव्हरले

सोमवार, ४ मार्च
दिसत नाही म्हणजे नाहीच! स्क्रीनवर अख्ख्या रस्त्यावर ओव्हरले – जुन्या डांबरावरचा नवा थर – हिरवागार दिसतो, आणि वळणावरच्या घरांपुढे गायब. लेयर चालू आहे. रंग बदलून पाहिला. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं. ढिम्म. शुक्रवारी ड्रॉइंग द्यायची आहेत.

हे काम मुळात आमच्या सीनियर मॅडमचं. त्यांनीच मला हाताला धरून शिकवलं. मग विसरायला लागल्या – आधी चष्मा, मग नावं, मग घरचा रस्ता. शेवटी लेकीनेच राजीनामा आणून दिला. आता त्यांची फाइल माझ्या गळ्यात.

मंगळवार
हेल्पवाल्याशी तासभर फोन. तो म्हणेल ते सगळं केलं, कॉम्प्युटरच्या पाया पडायचंच काय ते राहिलं. शेजारच्या टेबलवरचा बिनधास्त म्हणतो, हाताने हिरवी रेघ मार, कोण बघतंय. घरी आले तर नवरा म्हणे, तुझ्या तोंडावरूनच कळतंय, रस्ता वाकडा आहे. हसूही येईना.

बुधवार
सापडलं! वळणावर नव्या रस्त्याची लेव्हल जुन्याच्याही खाली आहे. थराला बसायला जागाच नाही, तर सॉफ्टवेअर दाखवणार काय, कपाळ! उगाच त्याला शिव्या घातल्या.

साहेबांना सांगितलं. उसासा टाकला त्यांनी. "तिचं शेवटी शेवटी लक्ष राहिलं नव्हतं गं. लेव्हल उचलून सरळ कर." वाईट बोलले नाहीत, वाईट वाटून बोलले. मी उचलली. थर लगेच दिसला! पण सेव्ह करवेना. मॅडमची रेघ घरांपाशी हळूच खाली उतरते, घरं संपली की हळूच वर येते. चुकणारं माणूस इतकं जपून चुकतं का?

गुरुवार
सकाळीच साइटवर गेले. दर खेपेला डांबरावर डांबर चढवलंय, घरं पार खाली गेलीत. पाऊस पडला की पाणी थेट घरात. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी तर मशीन विटांवर चढवून ठेवलंय. कुठल्या ऑफिसातून आले ते सांगितलं तर म्हणाल्या, "तुमच्या मॅडम येऊन गेल्या ना! उंबऱ्याला टेप लावून मोजलं. म्हणाल्या, या खेपेला रस्ता खाली घेते."

म्हणजे आधी जुनं डांबर खरवडायचं, मग नवा थर. मॅडमनी रेघ मुद्दाम खाली घेतली – आणि फाइलमध्ये खरवडणं टाकायचं तेवढं विसरल्या. परतताना बसमध्ये रडू आवरेना. मीसुद्धा ती लेव्हल उचलायलाच निघाले होते.

शुक्रवार
खरवडणं टाकलं. थर दिसला – उंबऱ्यांच्या खाली, जिथे हवा तिथे. साहेब आधी खर्चावरून कुरकुरले. मी उंबऱ्यांची मापं दाखवली, शिवणाऱ्या बाईंचं सांगितलं. मग सही केली. डिझाइनवर मॅडमचंच नाव ठेव म्हणाले.

शनिवार
मॅडमकडे जाऊन आले. ओळखलं नाही मला. ऑफिस, साहेब, काहीच नाही. तरी मी आपली वळणावरच्या लेव्हलचं सांगत राहिले. निघताना त्यांनी हात घट्ट धरला. "मशीन विटांवरून उतरलं का गं?"