डाव्या दाराची शिवण

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोन करू नकोस, काय ते लिहून कळव, असं तू बजावलंस म्हणून हे पत्र. माझं अक्षर लागलं नाही तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून वाचून घे, त्याला सवय असते.

दाजींनी गाडी माझ्या दुकानी आणून सोडली, हे तुला ठाऊक असेलच. खटपट्या जाऊन वर्ष होत आलं, अंगणातली ती ताडपत्री आता बघवत नाही, एक गिऱ्हाईक आहे, आतून नीट करून दे म्हणजे विकून मोकळा होतो, असं म्हणाले. मी किल्ली ठेवून घेतली. बापाला काय सांगणार? याच बापलेकांनी ती दोन माणसांची बुटकी गाडी भंगारातून ओढून आणली होती. दाजी तिच्यात छत्री मिटल्यासारखे बसायचे आणि पोरगं हसून हसून लोळायचं.

दारांच्या आतली पॅनेलं बाजारात कुठेच मिळत नाहीत. उजव्या दाराचं जुनं पॅनेल ओल पिऊन फुगलेलं, काढताना हातात त्याचा भुगा झाला. तुकडे कागदावर जुळवले, कडेने पेन्सिल फिरवली, त्यावरून पातळ प्लायवुड कापलं. काच फिरवायच्या हँडलचं भोक नीट बसलं. त्यावर स्पंज आणि वर ते गडद तपकिरी चामडं, जे खटपट्यानेच निवडलं होतं. हात टेकायची उशी तेवढी हाताने शिवावी लागते, त्या वळणात मशीन शिरत नाही. तीही झाली.

डावं पॅनेल तर त्याने त्या शेवटच्या सुट्टीत माझ्याकडे राहून केलंच आहे. अजून ठेवलं तसं भिंतीला टेकून आहे. चामडं असं ताणलंय की एक सुरकुती शोधून दाखव. फक्त उशीवरचे टाके भलतीकडे कललेत, डावऱ्या हाताचे ते, आणि शिवण शेवटी बोटभर अपुरी आहे. तेवढ्यात ताप भरला ना त्याला. गिऱ्हाईक चोखंदळ आहे, दोन्ही दारं एकसारखी हवीत म्हणतो. तेव्हा ती शिवण उसवून माझ्या उजव्या दारासारखी करून टाकतो. भाच्याच्या कामाला कुणी नाव ठेवू नये, एवढीच इच्छा.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो असाच पुरवून पुरवून दे.

तुझा,
धाकटा


ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गाडी विकायची आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ह्यांनी दुरुस्तीला नेतो एवढंच सांगितलं होतं. विचारलं तर वर्तमानपत्राची घडी घालत बसले. मी भांडले नाही. अंगणात आता तेलाचा डाग तेवढा उरलाय आणि हे येता-जाता त्याला वळसा घालून जातात. अशा माणसाशी काय भांडायचं?

विकायची तर विका. माझं मागणं एकच आहे. त्या शिवणीला हात लावू नकोस.

ते टाके चुकलेले नाहीत रे. तो माझ्यावर गेला होता. आईने माझ्या डाव्या हातातली सुई काढून उजव्यात दिली, माझे वेडेवाकडे टाके बघून तू खिदळायचास आणि मी शिवणकामच सोडलं. त्याला मात्र मी कधी अडवलं नाही. तुझ्याकडून ताप घेऊन आला, तरी अंथरुणात पडून त्या दारांचंच बोलत होता. मामाचं काम झकास, पण त्याच्या दोन्ही दारांचे टाके एकाच बाजूला कलतात, असं म्हणाला. दारं समोरासमोर असतात, मग टाक्यांनीही एकमेकांकडे बघायला हवं. म्हणून डावं आपण शिवायचं, उजवं मामाला शिवू द्यायचं, म्हणजे जोडी जमेल, असा त्याचा बेत. तुला आधी सांगायचं नव्हतं. तू आपणहून ओळखतोस का, ते त्याला बघायचं होतं.

त्याच्या हाताचं म्हणून माझ्यापाशी दुसरं काही नाही. हे पत्र मिळताच हातातलं काम खाली ठेव.

आशीर्वाद नेहमीचे, ऐकलंस तर दुप्पट.

ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा शिवण उसवून झाली होती.

आडवळणाने लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी चांगलं करायला गेलो होतो, पण ते आता सांगून उपयोग नाही.

पत्र वाचल्यावर दोन्ही पॅनेलं समोरासमोर उभी केली. दोरा निघाला तरी त्याच्या टाक्यांचे वळ चामड्यावर आहेत आणि ते सगळे माझ्या टाक्यांकडे कललेत. इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांची दारं शिवतोय, मला हे कधी दिसलं नाही. तो माझ्या शेजारी बसून ते बघत होता आणि मी ओळखायची वाट पाहत होता.

उलट्या टोकाकडून शिवून बघितलं. कल येतो, पण दोऱ्याला ओढ माझीच बसते, त्याची बसत नाही. दोन टाके घातले आणि काढून टाकले. चामड्याला एकदा पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे त्याने आरीने पाडलेली भोकं जशीच्या तशी आहेत. त्याचा दोराही फेकला नाही, गुंडाळून बरणीत ठेवलाय.

आपल्या घरात डावा हात आता एकच उरलाय. ये असं म्हणायचं मला तोंड नाही.

लोभ आटला असेल तर समजण्यासारखं आहे. फक्त नातं उसवू नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा


ता. ८ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून राहिले.

तुझा राग आलाय. एवढे दिवस लिहिलं नाही त्याचं कारण तेच. अतिशहाण्या, एक पत्र जाऊन येईतो थांबता आलं नाही तुला. माझ्या पोराला दुसऱ्यांदा नेलंस, असं मी ह्यांच्यापाशी बोलले आणि ते शब्द मागे घेत नाही. त्यावर हे म्हणाले की दोन्ही दारं सारखी कर, हा निरोप आपणच दिला होता.

रविवारी येते. दोरा ओवून ठेव, मला हल्ली जवळचं नीट दिसत नाही. मी तिथे असेपर्यंत बोलू नकोस. आणि मला शिकवायला येऊ नकोस.

ताई


ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

त्या दिवशी न बोलता निघाले, ते तुला टोचलं असेल. बोलले असते तर तिथेच कोसळले असते. तू पाठ फिरवून कोपऱ्यात रिकामी कात्री चालवत होतास, ते कळलं मला.

पहिले टाके मी घाबरत घातले. मग लक्षात आलं की मला काहीच ठरवायचं नाहीये, सगळं त्याने ठरवून ठेवलंय. जिथे त्याने जोर लावला होता तिथे भोक लांबट झालंय, तिथे मीही दोरा जोरात ओढला. एका जागी दोन भोकं अगदी शेजारी आहेत. चुकला असेल, जीभ चावून पुन्हा टोचलं असेल. मीही तिथे दोनदा सुई घातली. लहानपणी रस्त्यात तो पुढे पळायचा आणि मी मागून जायचे, तसं चाललं होतं. किती दिवसांनी मी त्याच्या मागून चालत होते.

मग सुई पुढे नेली आणि बोटाला सपाट चामडं लागलं. भोकं संपली होती. शिवण अपुरी आहे, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, तरी मला ते त्या क्षणी कळलं. तू आरी पुढे केलीस तेव्हा मी मान हलवली. राहू दे तेवढं. त्याचं जिथे थांबलं, तिथून पुढचं मला येत नाही.

हे सगळा वेळ दाराबाहेर उभे होते. काल सकाळी मात्र अंगणात त्या तेलाच्या डागावर उभे होते, वळसा न घालता. विकण्याचं मी त्यांच्यावर सोडलंय.

तुझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही. जाईल. तोवर माझी माया आहे ती धरून ठेव.

तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दाजी गिऱ्हाईकाला घेऊन आले होते. ते घरी काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

त्या माणसाला गाडी फार आवडली. दोन्ही दारं उघडून मिटून पाहिली, टाके समोरासमोर कललेत हे त्याच्या लगेच ध्यानात आलं आणि अशी जोड कुठे पाहिली नाही म्हणाला. मला मान वर करवेना. मग डाव्या उशीवरून बोट फिरवत तो शेवटापर्यंत गेला आणि थांबला. एवढंसं का ठेवलंय, चार टाक्यांचं काम आहे, उरकून टाका आणि उद्याच व्यवहार करू, असं म्हणाला.

मी दाजींकडे बघितलं. ते वाकले आणि गाडीत शिरले, तसेच, छत्री मिटल्यासारखे. डाव्या दाराच्या उशीवर हात टेकला. अंगठा नेमका त्या न शिवलेल्या जागेवर आला. आतूनच त्याला म्हणाले की गाडी अजून तयार नाही. कधी होईल, असं त्याने विचारलं, तर ते मामाला विचारा म्हणाले.

मी सांगितलं की ते दार करणारा कारागीर सुट्टीवर गेलाय. तो आला की कळवतो.

माणूस निघून गेला. दाजी बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत. वर्षात पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो.

गाडी माझ्या छपराखाली राहू दे, जागा आहे. तिच्यावर ताडपत्री मात्र घालणार नाही. तुम्ही दोघं अधूनमधून येत जा.

राग उरला असेल तर तोही घेऊन ये, फक्त येत राहा.

तुझा,
धाकटा