कॉनरला आलेले फोन

बॉस्टन, शुक्रवार

लाडक्या आईस,

माझी काळजी करू नकोस. थंडी आहे, पण तू दिलेला कोट ऊबदार आहे आणि मी दोन्ही वेळा नीट जेवते. गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढता येतात का?

तू लिहिलंस, "तुझा भाऊ जमार्कस नुसता लोळतो, मनापासून अर्जच करत नाही." आता माझं काम ऐक. नोकऱ्या कोणाला मिळतात हे तपासायला आम्ही विद्यापीठातून खोट्या माणसांचे अर्ज पाठवतो. शिक्षण तेच, अनुभव तोच. फक्त एक नाव गोऱ्यांतलं, एक आपल्या काळ्या लोकांतलं. यंदा मी आळस केला. जमार्कसचाच अर्ज उतरवला, वर 'कॉनर वॉल्श' असं गोऱ्याचं नाव घातलं आणि आपल्या टोलीडोतल्या गोदामांना पाठवला.

ज्या गोदामाने जमार्कसला साधं उत्तरही दिलं नाही, तिथल्या मॅनेजरचा परवा फोनवर निरोप आला. "कॉनर, अरे असाच माणूस शोधत होतो! सोमवारी येच." नियमाप्रमाणे मी कळवलं, कॉनरला दुसरीकडे काम लागलं. आमचे प्रोफेसर जाम खूश आहेत. आकडे इतके स्वच्छ क्वचितच येतात म्हणे.

हे जमार्कसला सांगायची मला मुभा नाही, तूही बोलू नकोस. फक्त त्याला आळशी म्हणणं सोड. त्याच्याच अर्जावर कॉनरला नऊ फोन आले, आई, आणि कॉनरला तर कुठल्याच आईने जन्म दिलेला नाही.

गुडघ्याला शेक दे.

तुझीच,
रोशेल