हळदीखालचे लाल गाल

काष्टी, बुधवार, दिराच्या हळदीचा दिवस

आज सगळं उट्टं काढलं.

चारचौघांत कुणी नुसतं माझं नाव घेतलं तरी माझं तोंड लाल होतं. पावडर थापून झाली, लांब श्वास घेऊन झाले, उपयोग शून्य. आणि वन्संना नेमकं तेवढंच दिसतं. "बघा, बघा, लाल झाली!" साखरपुड्यात तर विहीणबाईंसमोर ओरडल्या. सगळा मांडव माझ्या तोंडाकडे.

आज बायकांनी एकमेकींना हळद फासली. मलाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत. वन्संनी मात्र मेकअप बिघडेल म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. मला बघून सवयीने सुरू झाल्या, "बघा, बघा..." आणि थांबल्याच. गाल भाजत होते माझे, पण वर नुसती पिवळी हळद. काय बघणार?

मग मीच तोंड उघडलं. वन्सं पाव्हण्यांना अनारसे वाटत होत्या, "माझ्या हातचे हायेत!" मी म्हटलं, "वन्सं, केडगावच्या त्या बाईंना सांगा हं, जाळी छान पडलीय. पिशवी मीच उचलून आणली ना!"

यांच्या मामी म्हणाल्या, "अगं बया, इकत आणलेत व्हय?"

वन्संच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली. मेकअपमधूनही दिसली.

"बघा, बघा," मी म्हटलं.

वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. उद्या लग्नात माझं तोंड धुतलेलं असेल. लाल झालं तर होऊ दे. अर्धा डबा अनारसे उरलेत, आणि उद्या ते मी वाटणार आहे.