एका सुराच्या कॅसेटी

मौजे गोरेगाव, १४ मार्च २००३

प्रिय राजनंदिनी,

माझ्या दुकानातल्या तंबोऱ्याच्या पाच कॅसेटी तुझ्यासाठी वेगळ्या काढल्या आहेत. त्यांत गाणं नाही, एकच सूर तासभर चालतो. टेप आतल्या खोलीत बारीक आवाजात लाव आणि तू बाहेर दारात बस. गाण्याची वाट पाहू नकोस. थोड्या वेळानं त्या एका सुरातून दुसरे सूर ऐकू यायला लागतात.

तुझं लेकरू गेल्यावर तू इथं माहेरी दोन महिने गप्प होतीस. ही कॅसेट लावली तेव्हा पहिल्यांदा बोललीस, "दादा, यात कुणी समजूत घालून न्हाई राहिलं. चालू राहू दे."

तुला कळवलं नव्हतं, पण गेल्या दिवाळीत माझे कान गेले, बोललेले शब्द कळेनासे झाले. नांदेडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दाखवलं, मशीनचाही उपयोग नाही. संक्रांतीनंतर शेजारच्या एसटीडी बूथवर तुझा फोन आला, तेव्हा मला नुसती घरघर ऐकू आली. मधेच ती थांबली, म्हणजे तू काहीतरी विचारलं असणार. माझं बहिरेपण तुला समजू नये म्हणून मी म्हणालो, "व्हय, बराबर हाय." मग फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी डोंगरकड्याहून तुझे सासरे आले. त्यांनी दुकानातल्या वहीवर लिहिलं, 'सून इथं आली का?'

तेव्हापासून तुझा कुठंच पत्ता नाही. हे पत्र टाकू तरी कुठं? नंदा, मी कशाला व्हय म्हणालो गं?

तुझा दादा,
शिवहार